बॅग म्हणजे पिशवी

“म्हणजे कोयता हे हत्यार नाही?” योनासनं विचारलं.

“हत्यारही आहे,” मी म्हटलं. “पण इथं एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता.”

योनास जाम खूश झाला. उसाच्या फडाच्या बांधावर उभ्या उभ्या त्यानं वहीत कोयत्याचं चित्र काढलं, पात्याच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाई. “याच्यावर एक अख्खी स्लाइड होईल!” म्हणाला. एक नाही, दोन झाल्या. त्या एका शब्दासाठी मी दहा मिनिटं इंग्रजी झाडलं, हातवारे केले, बांधावरच्या मातीत काडीनं आकृतीसुद्धा काढून दाखवली. त्याच सकाळी आणखी एक शब्द आला. त्याच्यासाठी मी अर्धं मिनिटही दिलं नाही. त्या दुसऱ्या शब्दाची ही गोष्ट आहे, आणि चौदा वर्षं झाली तरी ती आठवली की माझ्या मस्तकात तिडीक उठते.

मी तेव्हा पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजचा नेदरलँड्समधल्या एका बिझनेस स्कूलशी करार होता. दर जानेवारीत तिकडची मुलं यायची आणि आमच्या मुलांबरोबर गट करून सार्वजनिक धोरणाचा पेपर प्रत्यक्ष जागेवर शिकायची. वर्गात बसून धोरण कळत नाही, असं त्यांच्या माहितीपत्रकात छापलं होतं. खरंच आहे. जागेवर जाऊनही कळत नाही, एवढं छापायचं राहिलं होतं.

आमच्या गटात तिकडचे दोघं, योनास आणि मार्लीन. इकडची मी. मार्गदर्शक आमचे डॉ. टिपणीस सर. विषय होता ऊसतोड मजुरांची हजेरी. मजूर खाडे का करतात, आणि सरकारनं काय केलं तर खाडे कमी होतील? अहवाल शनिवारी पुण्यात मुंबईहून येणाऱ्या एका बड्या अधिकाऱ्यांपुढे मांडायचा होता. चांगल्या शिफारशी नव्या योजनेत घेऊ, असं त्यांनी आधीच कळवलं होतं.

मला गटात घेतलं ते माझ्या हुशारीसाठी नव्हे. ज्या टोळीला भेटायचं होतं ती बीड जिल्ह्यातली होती आणि मी तिथल्याच केज तालुक्यातली. “तुमच्याकडची भाषा तुलाच कळणार,” सर म्हणाले होते. माझी सख्खी मावशी वीस वर्षं तोडीला जात होती, हे मात्र मी पुण्यात कुणाला कळू दिलं नव्हतं. माझे वडील शिक्षक आहेत, एवढंच सांगायचे.

टोळीचा मुकादम आश्रुबा सकाळपासून आमच्या मागेपुढे होता. बायकांना काहीही विचारलं की त्या आधी त्याच्याकडे बघायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. “डॉक्टरसाहेब, हितं सावलीला बसा,” म्हणत त्यानं सरांसाठी कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची आणवली. सरांची डॉक्टरकी मार्केटिंगमधली. पण फॉरेनचे डॉक्टर येणार आहेत, असं आश्रुबानं टोळीत आधीच सांगून ठेवलं होतं. मला हसू आलं. चूक दुरुस्त करावी असं काही वाटलं नाही.

फडात पहिली बोलायला तयार झाली ती प्रयागबाई. मोळी बांधत होती. वय विचारलं तर “चाळीस असंल” म्हणाली, पण दिसत होती साठीची. उभं राहायचं तर गुडघ्यावर हात टेकून, दोन दमांत.

“कोणच्या गावची गं तू?” तिनंच मला विचारलं.

“केजकडची.”

“मंग आपलीच की!” तिनं मोळी तशीच टाकली आणि माझा हात धरला. तिच्या तळहाताला उसाच्या पानांनी चिरा पडलेल्या होत्या.

योनासनं वही उघडली. महिन्यात किती दिवस खाडा होतो आणि कशामुळं, असा त्याचा प्रश्न होता. मी तो मराठीत विचारला.

“आता नाय होत,” प्रयागबाई म्हणाली. “पयले व्हायचा चार-पाच दिस. पिशवी काढल्यापासून एक बी खाडा नाय माहा.”

मी थबकले. आश्रुबा दोन हात अंतरावर उभा. सर खुर्चीत. योनासचं पेन कागदावर टेकलेलं. युटेरस हा शब्द मला येत होता, शाळेपासून येत होता. पण तो उच्चारायचा म्हणजे पाळीपासून सगळं सांगायचं, ते सरांसमोर, त्या परक्या पोरासमोर आणि दात कोरत उभ्या असलेल्या त्या मुकादमासमोर. आमच्या घरात त्या चार दिवसांना नावसुद्धा नव्हतं. आई नुसता हात हलवायची आणि आम्ही समजून घ्यायचो. आणि एकदा सांगायला लागले असते, तर तुला हे इतकं कसं माहीत, असंही कुणीतरी विचारलं असतं. मग मावशीचं नाव निघालं असतं.

मी इंग्रजीत म्हटलं, “पूर्वी चार-पाच दिवस व्हायचा. बॅग काढल्यापासून होत नाही.”

“बॅग?” मार्लीननं मान वर केली. “कसली बॅग?”

“बॅग. बायकांजवळ असते ती.”

यात खोटं काय होतं, असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःशीच भांडत राहिले.

योनासला मात्र धागा सापडला होता. आणखी कुणी कुणी बॅग काढली आहे, हे त्याला हवं होतं. मी मोठ्यानं विचारलं, “पिशवी काढलेल्या कोण कोण आहेत?” अकरा बायका होत्या. आधी एक हात वर झाला, मग दुसरा, मग बाकीचे. सात. त्यातले दोन कोयता धरलेलेच वर आले होते. योनासनं सात आकडा लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. मग प्रत्येकीचे आधीचे खाडे, नंतरचे खाडे. आधी चार, नंतर शून्य. आधी पाच, नंतर शून्य. त्याचे कान आनंदानं लाल झाले होते.

तो लिहीत असताना प्रयागबाईनं मला कोपरानं ढोसलं आणि हनुवटीनं समोर दाखवलं. तिथं एक पोरगी ऊस छाटत होती. बावीस वर्षांची असेल. मध्येच कोयता जमिनीला टेकवून थांबायची, पोटाशी हात दाबायची आणि परत सुरू करायची.

“माही सून, सत्यभामा. दोन लेकरं हायेत. पोट दुखतं तिचं, अंगावरून जातं. मुकादम म्हंतो, काढून टाकू पिशवी, त्याच्या वळखीचा दवाखाना हाय. पोरगा बी तेच म्हंतो. आठ दिस झाले, मी नाय म्हणून आडवी पडलेय.” तिनं माझा हात आणखी घट्ट धरला. “माही पंचविशीत काढली गं. बघ काय झालंय माहं. हाडं गेली, उभ्या उभ्या डोळ्याफुडं अंधारी येती. तू एवढे डॉक्टर घिऊन आलीस. त्यांला इचार, पिशवी न काढता काय इलाज हाय का. ते म्हन्तील तसं करू आम्ही.”

आश्रुबानं हे सगळं ऐकलं होतं. तो हसला. “इचारा की ताई. डॉक्टरच हायेत.”

एक वाक्य पुरलं असतं. प्रयागबाई, हे डॉक्टर नाहीत. इतकं साधं. मला माझा तेव्हाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, गॉगल डोक्यावर सरकवलेला, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, आणि असं वाटतं की तिथल्या तिथं थोबाडीत ठेवून द्यावी.

“ती विचारतेय,” मी योनासला सांगितलं, “की बॅग न काढता काही मार्ग आहे का. सुनेनं काढावी की नको?”

“काढलेलीच बरी!” योनास म्हणाला. “हे आकडेच सांगताहेत. तिला सांग ना!”

मी तोंड उघडायच्या आधी त्यानंच सांगायला घेतलं. पाठीवरची सॅक काढली, ती सत्यभामेसमोर जमिनीवर ठेवली, खांदे झटकले, हात लांबवून हवेतच दोन-तीन वेळा ऊस तोडल्यासारखं केलं. बघ, किती मोकळं वाटतं. मग त्यानं तिला अंगठा दाखवला आणि मनापासून हसला. वाईट मुलगा नव्हता तो. म्हणूनच ते जास्त भयंकर होतं.

सत्यभामा त्या सॅककडे बघत राहिली. एकही बाई हसली नाही.

आश्रुबाला भाषांतराची गरज पडली नाही. “बघा! फॉरेनचे डॉक्टर बी म्हनत्यात, काढून ठिवा. आता तरी गप बसशील का म्हातारे?”

प्रयागबाईनं माझ्याकडे बघितलं. “असं म्हनला व्हय त्यो?”

“हो,” मी म्हटलं. “म्हणजे तसंच काहीतरी.”

तिनं एकदा सरांकडे बघितलं. सर मनगटावरचं घड्याळ बघत होते. तिनं माझा हात सोडला, गुडघ्यावर हात टेकून उठली, मोळी डोक्यावर घेतली आणि गाडीकडे चालू लागली.

दुपारी परतताना जीपमध्ये मार्लीननं पुन्हा विचारलं. ती फार बोलायची नाही, पण एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही. “मी सगळीकडे बघितलं. लेकरांच्या झोळ्या होत्या, भाकरीची फडकी होती. एकाही बाईजवळ बॅग नव्हती. राहिलेल्या चौघींजवळही नव्हती. मग बाकीच्यांनी काढलं काय?”

मी तोंड उघडलं. पुढच्या सीटवरून, मागे न वळता, टिपणीस सर मराठीत म्हणाले, “सांगू नकोस.”

मला आधी कळेचना. “सर, तुम्हाला समजलं होतं?”

“मी काय लंडनहून आलोय? पिशवी काढणं म्हणजे काय, हे मला कळत नाही?” त्यांचा आवाज अगदी शांत होता. “आपला विषय हजेरी आहे. हे उकरलंस तर मुकादम, कारखाना, दवाखाना, सगळे अंगावर येतील. पुढच्या वर्षी फडात पाऊल कोण ठेवू देईल आपल्याला? आणि तुझ्या प्लेसमेंटच्या मुलाखती महिन्यावर आल्यात ना? मग?”

नंतर त्यांनी मान वळवून मार्लीनला हसतमुखानं इंग्रजीत सांगितलं, “बीडकडच्या पद्धतीची एक बॅग असते. किरकोळ गोष्ट आहे.”

मार्लीन त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघितलं.

हा बुधवार होता. आश्रुबाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, कारण भेट मीच ठरवली होती. गुरुवारी मी फोन केला नाही. मुलाखतीसाठी ब्लाउज शिवायला टाकला होता, तो आणायला गेले. शुक्रवारी योनासनं स्लाइड्स पाठवल्या आणि मी त्यातली स्पेलिंगं तपासली. ‘बॅग’चं स्पेलिंग बरोबर होतं.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत अधिकारी, त्यांच्या शेजारी टिपणीस सर, नव्या कोटात. योनास छान बोलला. कोयता म्हणजे नवरा-बायको, हे ऐकून लोकांनी माना डोलावल्या. मग खाड्यांची स्लाइड आली. दोन उंच निळे खांब, ‘बॅग काढण्यापूर्वी’. त्यांच्या शेजारी जमिनीला चिकटलेली एक रेघ, ‘बॅग काढल्यानंतर’. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शिफारस पहिली, फडाच्या बांधावर बॅगा ठेवायला पत्र्याची शेड. ती मी आदल्या दिवशी वाचली होती. दुसरी योनासनं त्याच सकाळी घातली होती, सरांच्या सूचनेवरून. बॅग काढणाऱ्या प्रत्येक कोयत्याला सरकारकडून प्रोत्साहनपर बक्षीस.

अधिकारी खुशीत पुढे वाकले. “खर्च कमी आणि लगेच राबवता येईल असं काहीतरी पहिल्यांदाच ऐकतोय,” ते म्हणाले. टिपणीस सरांनी नम्रपणे मान झुकवली. सगळं कळणारा एकच माणूस पहिल्या रांगेत बसला होता आणि तो मान झुकवत होता. इतकी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती, आणि तिच्यातली निम्मी माझ्या स्वतःवरची होती.

मी उभी राहिले. “बॅग म्हणजे पिशवी!” मी ओरडले, आणि ते मराठीतच ओरडले. सभागृहातल्या बायकांच्या माना आधी वळल्या. मग मी इंग्रजीत म्हटलं, “ती बॅग नाही. युटेरस. त्या सात बायकांची गर्भाशयं कापून काढलीत, कामाला खाडा होऊ नये म्हणून. आणि तुम्ही त्याला बक्षीस लावताय.”

“खाली बस,” टिपणीस सर म्हणाले. मग अधिकाऱ्यांकडे वळून, “हिचा काहीतरी गैरसमज झालाय. ताण आहे मुलांवर.”

“ऐकीव गोष्टींवर आपल्याला जाता येणार नाही,” अधिकारी म्हणाले. पण त्यांनी समोरचा कागद उलटा घातला होता.

योनास पडद्यासमोर तसाच उभा होता. निळे खांब त्याच्या शर्टवर पडले होते. “मी तिला अंगठा दाखवला,” तो हळूच म्हणाला. माईक चालू होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

मार्लीन रांगेतून वाट काढत माझ्यापर्यंत आली. येताना तिनं व्यासपीठावरचा दुसरा माईक उचलून आणला होता. “फोन कर,” ती म्हणाली. “आत्ता, इथून, सगळ्यांना ऐकू येईल असा. आणि ती म्हणेल ते सगळं सांग. काही गाळू नकोस.”

मी नंबर लावला. मार्लीननं माईक फोनशी धरला.

“बोला ताई!” आश्रुबाचा आवाज सभागृहभर घुमला. “आलं का आमचं नाव सरकारात?”

“प्रयागबाईला द्या,” मी म्हटलं. “डॉक्टरांना तिच्याशी बोलायचंय.” ते खोटं त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामाला आलं. तो तिला हाका मारत फडात गेला. पाचोळ्यावर वाजणारी त्याची पावलं आम्ही सगळे ऐकत राहिलो.

“कोण हाय?” प्रयागबाई म्हणाली.

“मी, केजकडची. सत्यभामा कुठंय?”

“दवाखान्यात हाय. दुसऱ्याच दिशी नेली तिला, गुरवारी. काढली पिशवी. माहा पोरगा हाय तिच्यापाशी, म्हून मी एकटीच आलेय तोडीला.”

मी इंग्रजीत सांगितलं. गर्भाशय काढलं, गुरुवारी, बाविसाव्या वर्षी.

“पण तुम्ही तर नाही म्हणत होता ना?”

“म्या म्हनतच व्हते की. आठ दिस म्हनले. मंग त्या तुमच्या डॉक्टरनंच करून दावलं, पाठीवरली पिशवी खाली ठिवून. म्हनलं, एवढ्या लांबून आल्याला माणूस खोटं कशाला सांगंल? मी गप झाले.”

मी तेही सांगितलं. योनास व्यासपीठाच्या पायरीवर खाली बसला.

“प्रयागबाई, ते डॉक्टर नव्हते. कुणीच नव्हतं. धंद्याचं शिक्षण घेणारी पोरं होती ती. पिशवी म्हणजे काय, हे त्यांना कळलंच नव्हतं.”



“त्यांला नसंल कळलं,” प्रयागबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती खरोखरच विचारत होती. “तुला तर कळत व्हतं ना गं?”

“पुरे. बंद कर तो फोन,” टिपणीस सर उठून म्हणाले. मराठी कळणारं निम्मं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मार्लीनला कळलं नव्हतं. तिनं माईक फोनपासून काढून माझ्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, “काय म्हणाली ती?”

मी सांगितलं, जसंच्या तसं. फोन अजून चालू होता. पलीकडे प्रयागबाई उत्तराची वाट बघत होती.